मायोन बघायला आल्बायला जायचंय, नोव्हेंबरात जावं का?

सायली_फिरस्ती
नमस्कार मंडळी, ऑफिसच्या कामाने मनिलाला जाणं होतंय, तर जोडून सुट्टी टाकून फिलिपिन्समधल्याच आल्बाय प्रांतात जायचा विचार आहे. मायोन ज्वालामुखी आणि काग्सावाचा तो चर्चचा मनोरा बघायचाच आहे. तारखा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या. बातम्या वाचून धाकधूक होतेय, 2018 ला उद्रेक, 2023 ला परत लाव्हा वाहत होता, लोकांना हलवलं वगैरे. अलर्ट लेव्हल (ज्वालामुखीच्या धोक्याची सरकारी पातळी) कमी असेल तर बिनधास्त जायचं ना? आणि जुन्या एका उद्रेकात लोक चर्चमध्ये लपले, आख्खं चर्च गाडलं गेलं आणि फक्त मनोरा उरला असं जे सांगतात ते खरंय का? सोबत आई आहे, तिला चढउतार फार जमत नाही.

मनिलावाला
ताई, विमानाने जा, मनिलाहून बस रात्रभर घेते, आईंना त्रास होईल. दारागात 2021 पासून नवीन एअरपोर्ट सुरू झालंय, लेगाझ्पी शहर तिथून जवळ आहे. डोंगर बघायचा तर सकाळी लवकर उठा, नंतर ढग येऊन बसतात आणि मग दिवसभर वाट बघत राहायचं.

लेगाझ्पीत_शिकलो
मी मेडिकलला तिथे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळे अलर्ट लेव्हलच बघतात, पण नोव्हेंबरात तिथे खरी काळजी पावसाची असते. आल्बायला कोरडा ऋतू असा नाहीच, आणि नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात जास्त पाऊस, त्यात वादळं.

2006 चं सांगतो. त्या वर्षी जुलैपासून मायोन चालू होता, ऑगस्टमध्ये हजारो लोकांना छावण्यांत हलवलं, मग डोंगर शांत झाला, लोक घरी आले. उतारावर मात्र राख, वाळू, दगड सगळं मोकळं पडलेलं. 30 नोव्हेंबरला रेमिंग वादळ आलं, लेगाझ्पीला 24 तासांत 466 मिमी पाऊस पडला आणि ते सगळं चिखलासकट खाली आलं, मोठमोठ्या दगडांसकट. याला लहार म्हणतात. लेगाझ्पीतलं पादांग, दारागा आणि गिनोबातानच्या वस्त्या गाडल्या गेल्या. मेलेले आणि बेपत्ता मिळून आकडा हजारावर गेला. ज्वालामुखीच्या आगीतून वाचलेली माणसं पावसात गेली, हे मला अजून पचत नाही.

माझी घरमालकीण पादांगची. सलग पाऊस लागला की ती आधी रेडिओ लावायची आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी आणून ठेवायची, आम्हा पोरांनाही तीच सवय लावली. आणि हे फक्त जुनंच नाही हां, 1 नोव्हेंबर 2020 ला रॉली वादळात गिनोबातानमध्ये परत घरं लहारखाली गेली.

अलर्ट कमी म्हणजे सेफ असंही नसतं. 7 मे 2013 ला लेव्हल शून्य होती आणि वाफेचा एक छोटा स्फोट झाला, त्यात चढाईला गेलेले पाच जण मेले. म्हणून ज्वालामुखीभोवतीच्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात कायम बंदी आहे, कुणी गाइड नेतो म्हणाला तरी जायचं नाही.

दगडधोंडे
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. चर्चबद्दल सांगतो. 1 फेब्रुवारी 1814 चा उद्रेक खरा, साधारण 1200 माणसं मेली, काग्सावा गाव गेलं, वाचलेले दारागाला जाऊन राहिले. पण बाकी सगळं चर्च त्याच दिवशी जमिनीखाली गेलं हे चूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोंत दर्शनी भिंतीचा बराच भाग उभा दिसतो, तो नंतर भूकंप आणि वादळांनी पाडला. तिथे उभं राहून डोंगराकडे बघाल तेव्हा हेही लक्षात असू द्या की 2006 चा लहार याच परिसरातून गेला. लोक फोटो काढून निघतात, मला वाटतं त्या जागी थोडं थांबावं.

सायली_फिरस्ती
बापरे, 30 नोव्हेंबर म्हणजे माझ्याच तारखांमध्ये. आईला घेऊन ही रिस्क नको. मनिलाचं काम पुढे ढकलता येईल, एप्रिल चालेल का? आणि आईला झेपेल असं काय काय आहे?

लेगाझ्पीत_शिकलो
एप्रिल मस्त, त्यातल्या त्यात पाऊस कमी. काग्सावा सपाटच आहे. दारागाचं चर्च टेकडीवर आहे पण गाडी वरपर्यंत जाते, ज्वालामुखीच्याच दगडाचं बांधलेलं, कोरीवकाम बघण्यासारखं. लिन्योन हिललाही गाडी करा, चढ दमवणारा आहे, वरून शहर, समुद्र आणि मायोन एकत्र दिसतात. कामालिगला सुमलांग तळ्यावर बांबूच्या तराफ्यावर बसवतात, आईंना आवडेल. तिथला पिनांगात खा, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात, पण आत मांस किंवा कोलंबी असते, शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. पिली नट्स घरी न्यायला घ्याच.

फक्त होली वीक (ईस्टरआधीचा आठवडा) कधी येतोय ते बघून तिकीट काढा, त्या गुरुवार-शुक्रवारी बरंच काही बंद असतं आणि बस-विमानं फुल जातात. आणि निघायच्या आदल्या दिवशी पागासाचं (तिथलं हवामान खातं) हवामान आणि फिव्होल्क्सचं (ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बुलेटिन दोन्ही बघा, दोन्ही रोज येतात.