मदत हवी आहे: खाली-बाण काढून टाकू का?

निफाडचा_बागवाला
आमचा द्राक्ष बागायतदारांचा फोरम आहे. महिन्यापूर्वी प्रतिसादांना मत द्यायला वर-बाण, खाली-बाण चालू केले आणि जाणती माणसं गप्पच झाली. परवा एकाने पानाचा फोटो टाकला. एका काकांनी लिहिलं, "पान उलटं करून बघा. वर तेलकट डाग अन् खाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी आहे, भुरी नाही." (डाऊनी अन् भुरी हे द्राक्षावरचे दोन वेगळे बुरशीचे रोग.) त्यांना उणे ६! आणि "बाग विका, दुबई गाठा" याला ४१. काकांनी खातंच बंद केलं. खाली-बाण काढू का? लवकर सांगा, रात्री मीटिंग आहे.

कोडकरी
सदस्य किती? आकडा सगळ्यांना दिसतो का? क्रम मतांवर लागतो की वेळेवर?

निफाडचा_बागवाला
४०० असतील. आकडा दिसणारच ना! क्रमाचं भाच्याला विचारावं लागेल.

शेतीमित्र_७
भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक मारा. दुपारच्या उन्हात नको, पानं करपतात.

कोडकरी
दादा, खाली-बाण बिचारा निर्दोष आहे. २०१३ला 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला होता. प्रतिसाद पडल्या पडल्या मुद्दाम एक खोटं वर-मत द्यायचे. त्याचे गुण शेवटी सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. खोटं खाली-मत मात्र लोकांनीच भरून काढलं. पहिले काही तास आकडा झाका.

सावळागोंधळ
आणि २०१४चा अभ्यास? ज्यांना खाली-मतं पडतात ते आणखी जास्त लिहितात, तेही आधीपेक्षा वाईट. काढाच तो बाण.

कोडकरी
काकांनी कुठे जास्त लिहिलं? ते तर गेले.

जुना_खोड
स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, उत्तराला खाली-मत दिलं की आपलाही एक गुण जातो, शिवाय १२५ गुण झाल्याशिवाय तो बाण हाती येतच नाही. त्याआधी स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर तर मत देताना शेरा निवडावा लागायचा, आणि 'विनोदी' शेऱ्याने लिहिणाऱ्याचं 'कर्म', म्हणजे तिथली पत, वाढत नसे. तुमच्या दुबईवाल्याला हेच औषध.

शेतीमित्र_७
औषध म्हणजे गंधकच.

सावळागोंधळ
अहो, डाऊनी आहे ती! तिला गंधक काय करणार?

निफाडचा_बागवाला
फवारणी कोणी विचारली नाही हो! भाचा म्हणतो, क्रम मतांवरच लागतो. कोणी मत दिलं तेही त्याला दिसतंय. त्या सहांपैकी चार खाती त्याच आठवड्यातली.

जुना_खोड
हे आत्ता सांगताय? आम्ही इथे तासभर भांडतोय! नव्या खात्यांना महिनाभर बाणच देऊ नका. क्रम वेळेवर लावा.

कोडकरी
आणि आकडा झाका.

निफाडचा_बागवाला
आकडा झाकला तर ४१वाला भांडायला येईल. तो आमचा खजिनदार आहे.