उपग्रह पाडून दाखवला, आता पुरे म्हणावं का?

जुना रेडिओ (धागालेखक)
२७ मार्च २०१९. पंतप्रधान टीव्हीवर काहीतरी मोठं सांगणार म्हटल्यावर आमच्या हापिसात नोटाबंदीच्या धास्तीने लोकांनी आधी पाकिटं चाचपली. निघालं 'मिशन शक्ती'. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओने (आपली संरक्षण संशोधन संस्था) क्षेपणास्त्र सोडलं आणि सुमारे ३०० किमी उंचीवरचा आपलाच मायक्रोसॅट-आर उपग्रह फोडला. अमेरिका, रशिया, चीननंतर आपण चौथे. त्या दिवशी पेढे मीही वाटले.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, की असे उपग्रह फोडायच्या चाचण्या देशांनी करू नयेत. १५५ मतं बाजूने, ९ विरोधात. आपण तटस्थ. माझं म्हणणं, आता आपण होऊन सांगून टाकावं, 'पुन्हा करणार नाही.' दाखवायचं ते दाखवून झालंय. तो पैसा आणि ती माणसं वर असलेले उपग्रह जगवायला लावा.

आडवा प्रश्न
साफ असहमत. अण्वस्त्रांच्या वेळी काय झालं? १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रप्रसारबंदी करारात अण्वस्त्रधारी, बाकीचे बाहेर. चीनने १९६४ साली उरकून घेतलं होतं, आपण १९७४ ला पोचलो आणि पुढची कित्येक वर्षं दारात उभे राहिलो. २०१९ ला निदान दार बंद व्हायच्या आत पाय टाकला. आता ज्यांच्या चाचण्या करून झाल्यात ते संयम शिकवणार आणि आपण एका चाचणीवर मान डोलावणार? एकदा नेम लागला म्हणजे शस्त्र तयार झालं असं कुठल्या फौजेत मानतात?

खगोलवेडी
दुसऱ्या चाचणीने नेमकं काय मिळणार ते तरी सांगा. चीनच्या बैदूचे (त्यांचं जीपीएस) बरेचसे उपग्रह साधारण २१,५०० किमीवर, बाकीचे ३६,००० किमीवर. तुमचा नेम ३०० चा.

आणि कचऱ्याचं काय? चीनने २००७ मध्ये ८६५ किमीच्या आसपास स्वतःचा हवामान उपग्रह फोडला. नोंद झालेले तुकडेच ३,००० च्या वर, आणि त्यातले खूपसे अजून फिरताहेत. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच उद्योग केला, तेव्हा अंतराळ स्थानकातल्या लोकांना, त्यात रशियाचे स्वतःचे अंतराळवीरही, आपापल्या यानांत शिरून बसावं लागलं. आपण उंची कमी ठेवली हे शहाणपण, मान्य. पण ४५ दिवसांत सगळं जळून जाईल म्हणाले होते, काही तुकडे वर्ष उलटलं तरी वरच होते.

अवांतर: एप्रिल २०२२ ला चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून धातूचं कडं पडलं, आठवतंय? गावाने रात्री उजेडाची रेघ पाहिली होती.

आडवा प्रश्न
ते कडं चिनी रॉकेटचा भाग असावं असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. त्याचा चाचणीशी काय संबंध? उगाच भीती घालू नका.

खगोलवेडी
संबंध नाही, म्हणूनच 'अवांतर' लिहिलंय.

गिरगावकर
तुम्ही दोघं फोडाफोडीतच अडकलात. २६/११ आमच्या अंगणात झालं. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ ला, इस्रायली रडार लावलेला रिसॅट-२ वर गेला. ढग असोत की रात्र, त्याला दिसायचं. मला सुरक्षा म्हणजे ती. आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेलं, साध्या कॅमेऱ्याला खाली काय दिसणार? म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांना मिळालेली २६,९६८ कोटींची मंजुरी मला मिशन शक्तीपेक्षा मोठी वाटते. आणि मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही रॉकेट फसून रडारवाला ईओएस-०९ उपग्रह गेला, तेव्हा शत्रूने काहीच केलं नव्हतं. आपलं आपणच घालवलं.

जुना रेडिओ
हेच! नाविकचं, म्हणजे आपल्या देशी जीपीएसचं बघा. (कारगिलमध्ये अमेरिकेने जीपीएस नाकारलं ही गोष्ट सगळे सांगतात, ती बाजूला ठेवू.) एकूण ११ उपग्रह सोडले. स्थान काढायला लागणारी, आयात केलेली अणुघड्याळं काहींची बंद पडली. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ वर पोचला, पण व्हॉल्व्ह उघडला नाही म्हणून ठरलेल्या कक्षेत गेलाच नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं, स्थान दाखवायच्या कामाचे ४ उरलेत. जागा नीट काढायला कमीत कमी ४ लागतात. म्हणजे स्टेपनी नसलेली गाडी घाटात.

मॉडेमवाला
नेटवर्कमध्ये नोकरी करतो म्हणून दोन ओळी. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनमध्ये घुसायच्या तासभर आधी व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला ओरखडासुद्धा नाही. जमिनीवरचे हजारो मॉडेम निकामी झाले, जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी दूरचा संपर्क तुटला. आपल्याकडे कडीकुलूप कुठे लावायचं ते यावरून ठरवा.

भोसरीचा लेथ
आमच्यासारखे सुटे भाग करणारे वेगळ्याच काळजीत असतात. २०२३ चं अंतराळ धोरण आलं, खासगी कंपन्यांना दार उघडलं, छान. पण कायदा? मसुदा २०१७ चा, तो मसुदाच राहिला. अंतराळातल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानीबद्दलच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी उपग्रहानेही दुसऱ्याचं नुकसान केलं तरी भरपाई द्यायची देशाने. मग देश ती कोणाकडून, किती वसूल करणार? त्या ५२ पैकी ३१ खासगी कंपन्या बनवणार आहेत. धोरण म्हणजे काही कायदा नव्हे हो.

आडवा प्रश्न
राखीव उपग्रह हवेत, मॉडेम जपायला हवेत, कायदा हवा, सगळं कबूल. पण कुलूप लावलं म्हणून कोणी काठी टाकून देत नाही. समोरच्याला 'माझा पाडलास तर तुझाही पडेल' हे कळलं पाहिजे. आणि वचन द्यायचंच असेल तर फुकट का द्यायचं?

जुना रेडिओ
बदल्यात मागायचं काय?

आडवा प्रश्न
अंतराळातल्या कचऱ्याचा माग काढून मिळालेला कच्चा डेटा. आज आपल्या उपग्रहाकडे तुकडा येतोय हा इशारा बहुतेक वेळा अमेरिकेकडून येतो. आपली रडारं पुरेशी होईपर्यंत तो रोजच्या रोज मिळणार असेल, तर मी तुमच्या बाजूने मत देतो. नाही तर तटस्थच बरं.