अनुभव धागा: नैसर्गिक विधी उरकल्यावर कुत्रा माती का उकरतो?

काळी माती (वर्धा जिल्हा)

गेल्या आठवड्यात सालदाराला घेऊन वावराचा धुरा, म्हणजे बांध, साफ करत होतो. धुऱ्यावर एक जुनी बोरी आहे. तिच्या बुडाशी परतीच्या पावसात चिखल होतो आणि नंतर तीच काळी माती दगडासारखी वाळते. त्या वाळलेल्या मातीत मला नखांचे ओरखडे दिसले. उजव्या बाजूला चार रेषा होत्या आणि डाव्या बाजूला तीनच. आमच्या मोतीच्या मागच्या डाव्या पायाचे एक नख लहानपणी बंडीखाली सापडून गेले होते. मोती दिवाळीनंतर वारला. म्हणजे ते ओरखडे त्याच्या शेवटच्या पावसाळ्याचे होते.

मोती त्या बोरीवर पाय वर करायचा, दोन पावले पुढे जायचा आणि मागच्या पायांनी अशी माती उधळायचा की ती वीतभर उंच उडायची. त्या वेळी त्याची मान ताठ असे आणि नजर शेजारच्या वावरावर असे. माझी माय म्हणायची की मुके जनावरही आपली घाण झाकते, मग माणसाला काय झाले? आबाजींचे मत वेगळे होते: "तो घाण झाकून नाई रायला, हा धुरा कोनाचा हाय ते सांगून रायला." मी तेव्हा चौथीत असेन. खरे कोण, हे ठरवण्यासाठी मी कित्येक सकाळी मोतीच्या आधीच्या कुत्र्यामागे हिंडलो आणि उडालेली माती नेमक्या जागेवर पडलेली मला एकदाही दिसली नाही. तुम्ही काय पाहिले आहे, ते सविस्तर लिहावे.

सांदवाडी

आपल्या मातोश्रींचे मत आमच्याही घरी होते, आणि मांजर पाळेपर्यंत मीही तेच मानत होते. मांजर आधी चुलीच्या राखेत किंवा भुसभुशीत मातीत खड्डा करते, काम झाल्यावर वळून हुंगते, पुढच्या पंजाने हळूहळू माती ओढते, पुन्हा हुंगते आणि वास येईनासा झाल्यावरच निघून जाते. कुत्रा मागे वळून पाहतसुद्धा नाही. ज्याला झाकायचे आहे तो पाठ फिरवून झाकणार नाही, एवढे तरी मला त्यावरून पटले आहे.

गुरांचा दवाखाना

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. कुत्र्याच्या अंगावर माणसासारखा घाम सुटत नाही. त्याच्या घामग्रंथी मुख्यतः तळपायाच्या गाद्यांमध्ये असतात, आणि बोटांच्या मधल्या त्वचेतूनही गंध असलेले स्राव येतात. जमीन उकरताना हा गंध मातीला लागतो आणि उकरलेल्या ताज्या मातीचा वास त्यात मिसळतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान पिशव्या असतात आणि त्यांतला स्राव विष्ठेबरोबर बाहेर पडतो. म्हणजे एकाच जागी मूत्र किंवा विष्ठा, पायांचा गंध आणि डोळ्यांना दिसणारे ओरखडे अशा तीन खुणा राहतात. वास पावसाने आणि उन्हाने विरतो, पण ओरखडा दुरून दिसतो आणि दुसऱ्या कुत्र्याला नेमक्या ठिकाणी नाक लावायला बोलावतो.

कोलोरॅडो विद्यापीठातील प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९७९ मध्ये नर कुत्र्यांच्या या सवयीवर शोधनिबंध लिहिला आणि तिला जोडसंकेत म्हटले, म्हणजे नाकासाठी आणि डोळ्यांसाठी एकत्र दिलेला संकेत. आपले आबाजी शेताच्या भाषेत तेच सांगत होते.

तुरीचा तास

डॉक्टरसाहेब, हे फक्त नरच करतात का? आमची काळी नावाची कुत्री आहे, तीही उकरते, पण रोज नाही.

गुरांचा दवाखाना

माद्याही करतात, ताई. प्रत्येक कुत्रा करतो असे नाही, आणि करणाराही दर वेळी करतो असे नाही. ज्यांना आपल्या जागेची खात्री असते किंवा ती खात्री दुसऱ्याला पटवायची असते, त्यांच्यात हे अधिक दिसते. विधी न करता नुसते उकरणारेही मी पाहिले आहेत.

आखरावरून

दर वेळी का करत नाही, याचे उत्तर मला आमच्या गावच्या आखरावर मिळाले असे वाटते. सकाळी गुरे तेथे जमतात, त्यामुळे दोन आळ्यांची कुत्रीही येतात. आमचा शेऱ्या घराजवळच्या उकिरड्यावर काम उरकून मुकाट्याने परत येतो. आखरावर मात्र पलीकडच्या आळीचा भुऱ्या समोर उभा असला की शेऱ्याचे चारही पाय ताठ होतात, मानेवरचे केस उभे राहतात आणि तो चार-पाच वेळा जोरजोरात माती मागे फेकतो. मग भुऱ्या दहा हातांवर तसेच करतो. इतक्या वर्षांत त्यांची खरी मारामारी मी दोनदाच पाहिली. बाकीचे सगळे भांडण मातीवरच मिटते. पोळ्याला बैलांची गर्दी असते त्या दिवशी दोघेही आखराकडे फिरकत नाहीत, ते का, हे मात्र मला कधी कळले नाही.

साग आणि बांबू (चंद्रपूर जिल्हा)

मी वनखात्यात अनेक वर्षे रोजंदारीवर काम केले आहे. वाघही असेच करतो, हे येथे कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. जंगलातल्या वाटेच्या कडेला वाघ मागच्या पायांनी पालापाचोळा आणि माती मागे ढकलतो. त्याने हातभर लांबीचा पट्टा साफ होतो आणि शेवटी मातीचा लहान ढीग राहतो. त्यावर कधी मूत्र असते, कधी विष्ठा असते. दर ४ वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत बीटमधून, म्हणजे वनरक्षकाच्या वाट्याच्या जंगलातून, पायी चालताना आम्ही पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरच्या नखांच्या खुणा आणि हे जमिनीवरचे ओरखडे यांची नोंद घेत असू. ताजा ओरखडा असला की पाचोळ्याखालची माती ओली आणि गडद दिसते. तसा दिसला की आम्ही बोलणे थांबवत होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला घरचा कुत्राच आठवला होता.

पांदणीचा रस्ता

भाऊ, मोतीबद्दल वाचून जीव हळहळला. तीन रेषांवरून आपण त्याला ओळखले, यापुढे मला काही लिहिता येत नाही.

गोखरू

माझा अनुभव उलट बाजूचा आहे आणि तो जनावर पाळणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवावा असे वाटते. आमचा वाघ्या रोज न चुकता उकरायचा. गेल्या हिवाळ्यात त्याने ते अचानक बंद केले. खाणेपिणे ठीक होते आणि तो लंगडतही नव्हता, म्हणून घरात कोणी लक्ष दिले नाही. माझ्या सासूबाईंनीच विचारले की हा आजकाल माती का उडवत नाही? मी त्याला ओसरीवर आडवा पाडून मागचा पंजा उघडला, तर दोन बोटांच्या मधल्या मऊ कातडीत गोखरूचा काटा पूर्ण रुतला होता. भोवती बोराएवढी गाठ झाली होती आणि ती दाबताच पू आला. दवाखान्यात नेऊन जखम धुऊन घेतली आणि औषध दिले. नवव्या दिवशी सकाळी त्याने तुळशीवृंदावनापलीकडे माती उडवली, तेव्हा सासूबाईंनी मला हातातले पीठ टाकून बाहेर बोलावले.

सांदवाडी

हे वाचून मी आताच आमच्या कुत्र्याचे चारही पंजे पाहून आले. काटा नाही, पण एक गोचीड निघाली. आपले आभार मानते.

मेथीचा वाफा

आमच्याकडे हा विषय भांडणाचा आहे. कुत्रा मेथीच्या वाफ्याजवळ बसतो आणि नंतर उकरतो, त्यामुळे कोवळी रोपे उपटली जातात. त्याला मारून उपयोग होत नाही, कारण तो आपले काम करतो आहे असेच त्याला वाटत असणार. शेवटी वाफ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले आणि त्याला कोपऱ्यात मुरमाचा एक तुकडा मोकळा ठेवला. आता तो तेथेच जातो. मात्र ही तक्रार केवळ रोपांची नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलजंतांची अंडी मातीत जातात आणि तेथे महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कुत्र्याला वेळेवर जंताचे औषध द्यावे, भाजी नीट धुवावी आणि मातीत खेळलेल्या मुलांचे हात साबणाने धुवावेत.

तुरीचा तास

मुरमावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर उकरून गाद्या सोलत नाहीत का?

गुरांचा दवाखाना

सोलतात. जोरात उकरणाऱ्या कुत्र्याच्या गाद्या उन्हाळ्यात अवश्य पाहाव्यात. चिरा दिसल्या तर स्वच्छ पाण्याने धुऊन काही दिवस त्याला मातीवरच फिरवावे.

काळी माती

सर्वांचे उत्तर वाचले. वाघाचे लिहिणाऱ्या दादांचे विशेष आभार, कारण मोतीला हे वाचून दाखवता आले असते तर मला फार आवडले असते. काल संध्याकाळी मायला दवाखान्यातल्या डॉक्टरांचे उत्तर मोबाईलवर वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि मोती बोरीकडे जाताना आधी तिच्याकडे वळून पाहायचा, हे आजवर न सांगितलेले सांगितले. आज सकाळी सालदाराला म्हटले की धुरा पुढे साफ कर, बोरीखाली कुदळ लावू नको. त्याने कारण विचारले नाही. त्याने तेवढी जागा सोडली आणि उपटलेले गवत तिच्या पलीकडे नेऊन टाकले.