दान: आधी बाजूला काढायचं, की गरज दिसली की द्यायचं?

पाऊलवाट:
पगार जमा झाला की पहिल्याच दिवशी त्यातला दहावा भाग मी वेगळ्या खात्यात टाकतो. दान असंच करावं, असं माझं ठाम मत आहे. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हटलं, तर उरत काहीच नाही. शिवाय रक्कम ठरलेली असली की 'द्यावं का' हा प्रश्न मिटतो, 'कुणाला' एवढाच राहतो. ज्याचा व्हिडिओ काळजाला भिडला त्यालाच सगळं, असं होत नाही. ख्रिस्ती दशांश, शिखांचा दसवंध, मुस्लिमांची जकात, सगळीकडे प्रमाण आधीच घालून दिलंय. २००९ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेल्या 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' या दानाचा प्रसार करणाऱ्या संस्थेचं मुख्य वचनही उत्पन्नाचे १० टक्के देण्याचंच आहे, आणि त्याचा धर्माशी संबंध नाही. तुम्ही काय करता?

नीरक्षीर:
असहमत. दशांश आणि जकात एकाच दावणीला बांधू नका. दशांश उत्पन्नावर. जकात मात्र ठरावीक मर्यादेच्या वर, वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीवर २.५ टक्के. म्हणजे ज्याची हातातोंडाची गाठ पडत नाही त्याने ती द्यायचीच नसते, उलट तो घेणाऱ्यांत मोडतो. मला हा विचार जास्त न्याय्य वाटतो. जेमतेम घर चालवणाऱ्याचे १० टक्के म्हणजे त्याच्या आईची औषधं. भरपूर कमावणाऱ्याला तेवढे गेलेले कळतही नाहीत.

आणि घरातल्या अडल्यानडल्यांचं काय? भाचीची फी भरली तर ते दान धरता का? मी धरतो. बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या ८ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची कोणती, तर कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. ही पायरी टक्केवारीत कशी बसवणार?

पाऊलवाट:
भाचीची फी मी दान धरत नाही. ते कर्तव्य झालं. तेही दानात धरलं तर सगळं घरातच फिरेल. ज्यांना कमावता मामा नाही त्या मुलींनी कुठे जायचं? १० चा आग्रह मी सोडतो, १ टक्का ठेवा. पण आधी ठेवा.

सांजसावली:
सगळे पैशांवरच बोलताय. मी वेळ देते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसते. ते सांगतील ते आणि तसंच लिहायचं, चूक दिसली तरी आपण होऊन सुधारायची नाही. हे फार अवघड जातं. आकृतीचा प्रश्न आला की किती वेळ जातो, ऑडिओ पुस्तक उशिरा मिळालं की कुठला धडा कच्चा राहतो, हे शेजारी बसल्यावर कळतं. पैसे पाठवून मोकळं होणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. माझ्या मते आधी वेळ द्यावा, मग पैसे कुठे द्यायचे ते आपोआप समजतं.

उंबरठा:
मी एका संस्थेचे हिशेब बघते, म्हणून थोडं टोचेल असं लिहिते. लेखनिकाचं काम मोलाचंच, कारण त्यात वेळ आणि जबाबदारी ठरलेली असते. पण 'एक दिवस मोकळा आहे, काहीतरी काम सांगा' म्हणत येणाऱ्यांना काम शोधून देण्यात आमच्याच माणसांचा दिवस जातो. लहान मुलांना लळा लागतो आणि तो माणूस पुन्हा फिरकत नाही, हे तर मला बघवत नाही.

पैशांचंही तसंच. वह्या-दप्तरं सगळ्यांना द्यायची असतात. भाडं, वीजबिल, शिक्षिकेचा पगार यासाठी द्यायला फारसं कुणी तयार नसतं. 'फक्त अमुक कामासाठी' असं सांगून दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने थोड्याच दिवसांत सांगितलं, की या आपत्तीच्या आमच्या कामापुरते पैसे आलेत, आता तेवढ्यासाठी देऊ नका. असं सांगायला धैर्य लागतं. नीरक्षीर, 'गरज दिसली की देऊ' यातली अडचण हीच आहे: एकच गरज सगळ्यांना एकाच वेळी दिसते, बाकीच्या तशाच राहतात.

नीरक्षीर:
भाडं-पगाराचा मुद्दा मान्य. तरीही जवळच्याला देणं कमी प्रतीचं का ठरावं? तत्त्वज्ञ पीटर सिंगर १९७२ पासून सांगतायत, की मदत करणं शक्य असेल तर मूल समोर आहे की हजारो मैलांवर, याने नैतिक फरक पडत नाही. मला पडतो असं वाटतं. समोरच्याला काय हवंय ते मी विचारू शकतो, महिन्याने जाऊन बघू शकतो. दूरच्या बाबतीत मी फक्त अहवाल वाचणार.

उंबरठा:
मग अहवाल नीट वाचा, प्रश्न विचारा. आम्हाला तेही हवं असतं. पाऊलवाट, तुमच्या वेगळ्या खात्यातून दरमहा ठरलेली रक्कम जात असेल तर ती कितीही छोटी असू द्या, तिच्या भरवशावर पगार ठरवता येतो. फक्त बंद करायची झाली तर दोन-तीन महिने आधी कळवा.