इन्स्टॉलेशनचं पान सांभाळायचं कोणी?

गोदाकाठ (नांदेड)
मराठी शब्दांचे प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढणारी आपली ओपन सोर्स लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरायचा तयार, खुला कोड) इकडची बरीच पोरं प्रोजेक्टला घ्यायलेत. पण इन्स्टॉलेशनच्या पानावर अजून एकच ओळ आहे: 'पिप इन्स्टॉल' ही कमांड चालवा (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन). उबंटू २३.०४ आणि डेबियन १२ या लिनक्सच्या आवृत्त्या आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, ही ओळ सिस्टिमसोबत आलेल्या पायथनवर चालत नाही. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. त्या एररच्या खाली '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय छापलेला असतो, धोक्याच्या इशाऱ्यासकट. पोरं इशारा वाचत नाहीत, पर्याय तेवढा उचलतात. उबंटूची स्वतःची कित्येक कामं त्याच पायथनवर चालतात. पिपनं तिथलं एखादं पॅकेज बदललं की तीही बिघडू शकतात. पानावर दोन ओळी वाढल्या तर हे टळतं: आधी एप्टनं (उबंटू-डेबियनचं पॅकेज बसवायचं साधन) 'पायथन३-व्हीएन्व्ही' टाका, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) करून त्यात पिप चालवा.

माझं मत ठाम आहे. डिपेन्डन्सी (लायब्ररीला लागणारी इतर पॅकेजेस) किंवा पायथनची किमान आवृत्ती जो बदलेल, त्यानंच त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल घ्या म्हणून पाठवलेल्या मागणीत) हे पान सुधारावं. नसेल सुधारलं तर तो बदल मुख्य कोडात मर्ज करू नये, म्हणजे मिसळू नये.

लातूर पॅटर्न
दादा, कळकळ पटते, नियम पटत नाही. ही लायब्ररी आम्ही नोकरी सांभाळून रात्री बघतो. कोड द्यायला येणारे मुळात थोडे, त्यांच्यापुढे अजून एक अट ठेवली तर तेही फिरकणार नाहीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची माहिती पायथनच्या अधिकृत पानांवर आहे आणि ती आपल्यापेक्षा चांगली सांभाळली जाते. आपण लिंक द्यावी. ती माहिती आपल्या पानावर लिहून घेतली की तेच दोन ठिकाणी दुरुस्त करत बसावं लागतं, आणि आपल्याकडचं हमखास शिळं होतं. किमान आवृत्ती तर पॅकेजच्या 'रिक्वायर्स-पायथन' या नोंदीत लिहिलेलीच असते. पिप ती वाचून लायब्ररीची जुळणारी रिलीज (प्रसिद्ध केलेली आवृत्ती) आपोआप घेतो.

हिंगोलीची लॅब
सर, त्या 'आपोआप'नंच आमच्याकडे घोळ होतो. आमच्या लॅबमध्ये विंडोज ७ आहे. त्यावर पायथन ३.८ च्या पुढं जाता येत नाही. पिप गुपचूप आपली जुनी रिलीज उतरवतो, एरर काहीच नाही. मुली पानावरचं नवं उदाहरण टाकतात आणि 'अ‍ॅट्रिब्यूट एरर' येतो. आपलंच चुकलं म्हणून तास संपेपर्यंत स्पेलिंग तपासत बसतात. 'पायथन ३.८ असेल तर अमुक रिलीज मिळेल, तिची उदाहरणं इथं आहेत' एवढं एक वाक्य पायथनच्या अधिकृत पानावर कुठून असणार? ते तुम्हालाच लिहावं लागेल.

लातूर पॅटर्न
ताई, हे मान्य. हे वाक्य आजच टाकतो.

परभणीकर
माणसांवर कशाला सोडायचं? पानावरच्या कमांड सीआयमध्येच (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या चाचणीत) चालवा, उबंटू आणि विंडोज दोन्हीवर. कमांड फसली की बिल्ड लाल, म्हणजे चाचणी नापास. नियमाचा वादच मिटला.

लातूर पॅटर्न
उबंटूपुरतं बरोबर आहे, कोऱ्या कंटेनरमध्ये (आधीचं काही न टाकलेल्या वेगळ्या उबंटूत) चालवता येईल. पण आपली सीआय चालते त्या गिटहबच्या विंडोज मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे सी कंपाइल करायची साधनं, आधीच टाकलेला असतो. आपल्या लायब्ररीत सी भाषेतला भाग आहे. एखाद्या पायथन आवृत्तीसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नसलं तर पिप सोर्स घेऊन कंपाइल करायला जातो. सीआयमध्ये ते बिनबोभाट पार पडेल, आणि पोराच्या लॅपटॉपवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० पाहिजे' म्हणून अडेल. बिल्ड हिरवी बघून आपण मात्र निर्धास्त.

गोदाकाठ (नांदेड)
आणि ती बिल्ड टूल्स काही जीबींची. इथं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लाइट असेल तेव्हा, कोण उतरवणार? म्हणून तर म्हणतो, व्हील कोणत्या आवृत्त्यांसाठी आहे ते पानावर सगळ्यात वर पाहिजे. नवीन पायथनसाठी व्हील नसेल तर तेही स्पष्ट लिहा, म्हणजे माणूस आधीची आवृत्ती टाकेल.

परभणीकर
मग सीआयमध्ये पिपला '--ओन्ली-बायनरी' लावा. व्हील नसलं तर कंपाइल न करता तिथंच फसेल.

लातूर पॅटर्न
हे चालेल. पण मर्ज अडवायला मी अजूनही तयार नाही. चाचणी फसली तर मर्ज होऊ द्या, रिलीज थांबवू.

गोदाकाठ (नांदेड)
पान मुख्य शाखेवरूनच, म्हणजे मर्ज झालेल्या ताज्या कोडावरूनच छापलं जातं, सर. रिलीज थांबली तरी चुकीचं पान लोकांपुढं जाणारच. आधी पान रिलीजच्या टॅगवरून (त्या रिलीजच्या वेळच्या कोडाच्या खुणेवरून) छापायची सोय करा, मग मी माझा नियम मागं घेतो.