स्टेअरिंग वाकडं, रिपोर्ट मात्र हिरवा

नोव्हीहून अ.

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या गडबडीत भलताच विषय काढतोय, सॉरी. माझी २०१४ ची टोयोटा कॅमरी गाडी आहे. तीन आठवड्यांपूर्वी रात्री पावसात ६९६ हायवेवर एका खड्ड्यात उजवी बाजू अशी आदळली की बायको झोपेतून दचकून उठली, म्हणाली काय उडवलंस! टायर फुटला नाही, रिमही बरा दिसतोय. पण तेव्हापासून गाडी सरळ जात असते आणि स्टेअरिंग उजवीकडे कललेलं असतं, मधला लोगो मान वाकडी करून माझ्याकडे बघतोय असं वाटतं. अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून आणली, ८९ डॉलर गेले, कागदावर सगळे आकडे हिरवे आणि स्टेअरिंग जसंच्या तसं. दुकानवाला म्हणतो आकडे स्पेकमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत आहेत, अजून काय पाहिजे. कुणाचा ओळखीचा मेकॅनिक आहे का?

ट्रॉयहून म.

अरे सोप्पं आहे. सांगलीला आमच्या मारुती ८०० चं असंच झालेलं, गॅरेजवाल्याने मधला नट काढला, स्टेअरिंग उपसलं, एक दाता फिरवून परत बसवलं, दहा मिनिटांत काम, वर चहा पाजला. यूट्यूबवर बघ आणि घरीच कर.
ता.क. शनिवारी वड्यांचे बटाटे सोलायला अजून चार जण हवेत, नावं कळवा रे.

कॅन्टनहून काका

म., बटाट्यांना मी येतो, पण पोराला असलं काही शिकवू नकोस. तुझ्या त्या ८०० च्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग नव्हती, ह्याच्यात आहे. शिवाय २०१२ च्या मॉडेलपासून इथे अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) सक्तीचा आहे, आणि त्याला स्टेअरिंग किती वळलंय हे कळायला तिथे अँगल सेन्सर असतो. नुसतं स्टेअरिंग उपसून सरळ लावलं तर दिसायला सरळ, चाकांचं दुखणं तसंच. गुढी वाकडी उभी राहिली म्हणून फोटो तिरका काढायचा, त्यातली गत.

अ., आधी सांग, गाडी खेचते का? रिकाम्या रस्त्यावर हात सैल सोडून बघ. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे इथे गाडी जराशी उजवीकडे जाणारच (पुण्यात डावीकडे जायची), ते धरू नकोस. खरंच खेचत असेल तर टायरमधली हवा, टायर, ब्रेक, कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक किती कललंय ते), हे सगळं बघावं लागेल. खेचत नसेल आणि नुसतं स्टेअरिंग वाकडं असेल तर भानगड टो ची, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत वळलंय की बाहेर त्याची. आणि तो कागद नीट बघ, त्यात मागच्या चाकांचे आकडे आहेत का? उद्या पहाटे बर्फ सांगितलाय. सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये कोऱ्या बर्फावरून गाडी सरळ ने, खाली उतर आणि ठसे बघ.

नोव्हीहून अ.

काका, खेचत अजिबात नाही. हवा चारही चाकांत ३५ आहे, दरवाजाच्या स्टिकरवर तेवढीच लिहिलीय. कागद परत उघडला तर मागच्या चाकांच्या चौकटी चक्क रिकाम्या!! मी फक्त हिरवा रंग बघून घडी घालून ठेवला होता.

आणि ठसे. सकाळी सातला ऑफिसच्या लॉटमध्ये गेलो, सिक्युरिटीवाला संशयाने बघत होता. उजवीकडे मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या बाहेर पडलाय, साधारण एक इंच, आणि डावीकडे मागचा तेवढाच आत आलाय. म्हणजे गाडी तिरकी चालतेय का?

कॅन्टनहून काका

हो, खेकड्यासारखी. मागची चाकं वळत नाहीत म्हणून लोक त्यांना विसरतात, पण गाडी कुठे जाणार ते तीच ठरवतात. तुझं मागचं उजवं चाक त्या खड्ड्यात बाहेर फिरलं, म्हणून मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या शेपटीला उजवीकडे ढकलतोय. ह्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. मग सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात, आणि तुझे हात ते नकळत करतात. त्या माणसाने फक्त पुढची दोन चाकं गाडीच्या मधल्या रेषेला धरून जुळवली, त्यामुळे त्याचा कागद हिरवा आणि तुझं स्टेअरिंग वाकडं, दोन्ही खरं.

बहुतेक गाड्यांत चाक एक अंश वळायला स्टेअरिंग साधारण पंधरा अंश फिरवावं लागतं. म्हणजे थ्रस्ट अर्धा अंश जरी असला तरी स्टेअरिंग सात-आठ अंश कलणार. घड्याळात एक मिनिट म्हणजे सहा अंश, तेव्हा तुझं स्टेअरिंग बाराला न थांबता सव्वा-दीड मिनिट पुढे गेलंय असं समज. फोर व्हील अलाइनमेंट माग, आधी मागची, मग पुढची. मागचं काही वाकलं असेल तर ते बदलल्याशिवाय अलाइनमेंट करून घेऊ नकोस, पैसे वाया.

अ‍ॅन आर्बरहून स.

काकांचं बरोबर आहे, एकच भर घालते कारण माझं पुढच्याच चाकांवरून झालं होतं. टाय रॉडचे (स्टेअरिंगकडून पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) चेक नट सैल करायच्या आधी इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग दोन-तीनदा इकडेतिकडे फिरवतात, मग सरळ करून सीटला क्लॅम्पने अडकवतात. हे गाळलं तर दोन्ही बाजूंचा टो मिळून बरोबर येतो पण स्टेअरिंग भलतीकडे. ते दुरुस्त करायचं तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवायचे, एक आखूड आणि दुसरा तेवढाच लांब, म्हणजे एकूण टो हलत नाही. आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधी मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मार, नाहीतर घरी पोचल्यावर फोन करत बसशील. टायरवरून एकदा आडवा हात फिरव, आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत करवतीसारखं लागलं तर टायर झिजायला लागलेत.

नोव्हीहून अ.

मंडळी, झालं! दुसऱ्या गॅरेजात गेलो. लिफ्टवर चढवल्यावर त्याने टॉर्च मारून दाखवलं, मागचा उजवा खालचा आर्म (चाकाला जागेवर धरणारा दांडा) केळ्यासारखा वाकलेला, डावा शेजारीच सरळ, म्हणून मलाही कळलं. टो उजवीकडे उणे १.१ (बाहेर), डावीकडे अधिक ०.१ (आत), म्हणजे दोन्ही चाकं उजवीकडेच बघतायत. दोन्हींची सरासरी काढून थ्रस्ट ०.६ आला, काका, तुमच्या हिशोबाने स्टेअरिंग नऊ अंश, म्हणजे दीड मिनिट! आर्म, मजुरी आणि फोर व्हील मिळून ४१० गेले. स. ताई, मेकॅनिकला शेजारी बसवून २७५ हायवेवर चक्कर मारली, लोगो सरळ. हात फिरवला तर मागचा उजवा टायर करवतीसारखा लागतोय, पण एक हिवाळा निघेल म्हणाला. शनिवारी बटाट्यांना माझं आणि बायकोचं नाव लिहा.

कॅन्टनहून काका

जुना आर्म तिथेच टाकून आला नाहीस ना? शनिवारी घेऊन ये, मला बघायचाय. मलाही घेऊन जा, पण ६९६ नको, गावातून जाऊ.