ईजीआर पोर्टमधला कार्बन मॅनिफोल्ड न उतरवता निघेल का?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, बीएस-४, टर्बो. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) प्रवाह कमी असल्याचा कोड येतो.

ईजीआर व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुतला, गॅस्केट नवीन टाकलं. व्हॉल्व्ह अडकत नाही, वायरिंग आणि कनेक्टर ठीक आहेत. कोड पुसला तरी परत येतो. खरी गोम पुढे आहे. व्हॉल्व्हच्या जागेतून टॉर्च मारली की इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटून देणारा भाग) जाणाऱ्या भोकात डांबरासारखा थर दिसतो, जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरली आहे. वरचा थर खरवडला की चिकट निघतो, आतला मात्र हलतच नाही.

गॅरेजवाले म्हणतात, पत्रा लावून ईजीआर बंदच करा. ते मला अजिबात करायचं नाही, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे कॉस्टिक सोडाही बाद.

मॅनिफोल्ड जागेवर ठेवून खरवडताना तुकडे सिलिंडरमध्ये जाऊ नयेत म्हणून काय करता? की उतरवावाच लागेल? तसं असेल तर तो कडक थर मऊ करायला अ‍ॅल्युमिनियमला चालेल असं काय वापरलंत, आणि किती वेळ भिजवलंत?